ऑगस्टचं बाळ आणि चौथ्या वर्षी शाळा: इंग्लंडमधल्या पालकांनो, तुम्ही काय केलंत?

रेवा_रेडिंग
नमस्कार मंडळी. आमचा लेक २० ऑगस्ट २०२२ चा. म्हणजे इथल्या हिशोबाने येत्या सप्टेंबरात रिसेप्शनला (इथल्या शाळेचा पहिला वर्ग), तेव्हा तो चार वर्षं आणि दोन आठवड्यांचा असेल. त्याच्याच वर्गात सप्टेंबर २०२१ ची मुलं असणार, पाच पूर्ण झालेली. नर्सरीतल्या बाई म्हणतात काही होत नाही, सगळी रुळतात. असेल. पण तो अजून दुपारी दीड वाजला की जिथे असेल तिथे आडवा होतो, पँटचं बटण लागत नाही, आणि घरी मराठीच असल्यामुळे नर्सरीत काही हवं असलं तर बाईंचा हात धरून ओढत नेतो, बोलत नाही.

म्हणून जरा खोदकाम केलं. कायद्याने सक्तीचं वय पाच. १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेले ते समर-बॉर्न, आणि अशा मुलाला पाच पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरपर्यंत शाळेत घातलं नाही तरी कुणी विचारू शकत नाही. इथपर्यंत हक्क आपला. पण त्या सप्टेंबरात त्याला रिसेप्शनला घ्यायचं की थेट पुढच्या वर्गात, इयर वनमध्ये टाकायचं हे मात्र काउन्सिल (इथली नगरपालिका) नाहीतर शाळा ठरवणार. म्हणजे वाट बघायची मुभा आहे, पण दंड म्हणून रिसेप्शनचं अख्खं वर्ष गुल होऊ शकतं.

यासाठी इथल्या पालकांची मोहीम गेली बरीच वर्षं चालू आहे, की पाचव्या वर्षी रिसेप्शनपासून सुरुवात करायचा हक्क कायद्यातच लिहा, कुणाच्या मर्जीवर नको. खासदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. पाठवायच्या आधी तुमचे अनुभव हवेत. सासूबाईंचं मत नाशिकहून रोज व्हिडिओ कॉलवर येतंच आहे: "पोराचं वर्ष वाया घालवणार का?"

निखिल_हॅरो
माझी मुलगी २९ जुलैची. चारची झाली तशी पाठवली. पहिले दोन महिने रडली, मग मैत्रिणी झाल्या, आता इयर फाइव्हला आहे आणि वर्गात पहिल्या पाचात. आपण आईबापच जास्त घाबरतो. मूल ज्या पाण्यात टाकाल त्यात पोहायला शिकतं.

शिरीषकाका
आमच्या वेळी जन्मदाखला कुणाकडे होता. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. पकडला की बिगरीत, नाही पकडला की पुढच्या वर्षी ये. तारीख मग गुरुजीच लावायचे, १ जून. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला, माझा धरून. फ्लेक्झिबल अ‍ॅडमिशन म्हणतात ते हेच ना? 😄

रेवा_रेडिंग
काका 😂 पण खरं सांगायचं तर मुलाकडे बघून ठरवायचे तुमचे गुरुजी, तारखेकडे बघून नाही. आम्ही तेच मागतोय.

मृण्मयी_लेस्टर
मी रिसेप्शनच्या वर्गात टीचिंग असिस्टंट आहे त्यामुळे थोडं आतलं सांगते. रिसेप्शन सुरू झाल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत सरकारी बेसलाइन असेसमेंट असते. एकेका मुलाला बाजूला घेऊन मोजणं, आकार, गोष्टीतलं विचारणं असं. सप्टेंबरवाली मुलगी पाय हलवत पटापट उत्तरं देते, आणि ऑगस्टवाला माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीशी खेळत बसतो. दोघांची नोंद एकाच रकान्यात. दुपारी कार्पेट टाइमला कोण झोपणार हे मला ऑक्टोबरमध्येच पाठ असतं, आणि पीईच्या दिवशी कपडे बदलायला ज्यांना सगळ्यात वेळ लागतो त्यांच्या जन्मतारखा बघा एकदा.

पण एक नीट समजून घ्या. रिसेप्शन हे खेळत शिकायचं वर्ष आहे, वाळू पाणी ठोकळे, मध्येमध्ये फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे उच्चार जुळवून वाचणं. इयर वनला नॅशनल करिक्युलम चालू होतं, टेबलावर बसून, आणि जूनमध्ये फोनिक्सची सरकारी चाचणी. म्हणून पाचव्या वर्षी थेट इयर वन हे सगळ्यात वाईट, निदान माझ्या मते. ज्या मुलाला अजून वेळ हवा म्हणून थांबवलं, त्याचंच ते खेळाचं वर्ष काढून घ्यायचं, यात काय लॉजिक आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

@निखिल, तुमची मुलगी हुशार आहेच, छान. पण ज्यांचं नाही जमलं ते आईबाप अशा धाग्यावर येऊन लिहित नाहीत.

निखिल_हॅरो
मान्य, पण जे घाबरलेले आहेत तेही सगळेच बरोबर असतात असं नाही ना. हाफ-डेचा पर्याय असतो तो कुणी सांगतच नाही. पाच पूर्ण होईपर्यंत मुलाला पार्ट टाइम पाठवायचा हक्क आहे पालकांना, अ‍ॅडमिशन कोडमध्येच (शाळाप्रवेशाच्या सरकारी नियमावलीत) आहे. किंवा जागा धरून ठेवा आणि जानेवारीत नाहीतर ईस्टरनंतर सुरू करा. फक्त त्याच शैक्षणिक वर्षातल्या शेवटच्या टर्मच्या सुरुवातीला तरी हजर व्हावं लागतं, नाहीतर जागा गेली.

वसुधा_क्रॉयडन
ईस्टरवरून आठवलं. आमच्या थोरल्याच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, हे सगळं असंच होतं. आमच्याकडे टर्मप्रमाणे मुलं घ्यायचे, जूनवाली मुलं ईस्टरनंतर यायची, शाळेचं तोंड उशिरा बघायची आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. उलट तेव्हा तक्रार होती की उशिरा येणाऱ्यांना रिसेप्शनचे जेमतेम तीन महिनेच मिळतात. मग २००९ च्या रोझ रिव्ह्यूने (प्राथमिक अभ्यासक्रमाचा सरकारी आढावा) सुचवलं की सगळ्यांना सप्टेंबरातच घ्या. एका बाजूचं भोक बुजवलं तर दुसरीकडून गळायला लागलं.

आणि पाच हे वय तरी कुठून आलं? १८७० च्या शिक्षण कायद्यापासून चालत आलंय. युरोपात बहुतेक ठिकाणी सहा, फिनलंडमध्ये सात.

गणोबा
आकडेवाल्यांच्या वतीने थोडी मिठाची चिमूट. ऑगस्टची मुलं मागे राहतात हे इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या इथल्या संशोधन संस्थेने वारंवार दाखवलंय. फरक वयाप्रमाणे कमी होत जातो पण सोळाव्या वर्षीच्या परीक्षेपर्यंत पुसला जात नाही. शिवाय वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर स्पेशल नीड्सचा शिक्का जास्त बसतो. इथपर्यंत मोहीमवाल्यांचं बरोबर.

पण त्याच संस्थेचा २०१३ चा अहवाल नीट वाचला तर ते म्हणतात की या फरकाचं मुख्य कारण परीक्षेच्या दिवशी मुलाचं वय कमी असतं हे आहे, शाळेत लवकर गेला हे नाही. त्यांचा उपाय काय, तर मार्कांना वयाप्रमाणे समायोजित करा. आणि शिक्षण खात्याने २०१८ मध्ये उशिरा घातलेल्या मुलांचे फोनिक्सचे गुण तपासले तेव्हा ते थोडेसेच जास्त निघाले, फरक आहे असं छातीठोक सांगता येईल इतके नाही.

मुख्य मुद्दा, कुणीतरी वर्गात सगळ्यात लहान असणारच. ऑगस्टवाले सगळे खाली सरकले तर जुलैवाले शेवटी येतील, मग त्यांची मोहीम.

अनुजा_पी
@गणोबा हा शेवटचा मुद्दा मला दर वेळी ऐकवतात आणि दर वेळी तितकाच चुकीचा वाटतो. सगळे थोडेच थांबवतात. ज्यांची मुलं तयार आहेत ते पाठवतातच, निखिलरावांनी पाठवलीच की. ज्याला वेळ हवा तेवढाच थांबेल. आणि फोनिक्सच्या मार्कांसाठी कोण थांबवतं? मला माझ्या मुलीला पहिल्या रांगेत बसवायचं नव्हतं, तिला रोज सकाळी उलट्या होणं बंद करायचं होतं.

आमचं सांगते. मे मधली मुलगी. अर्ज केला, सोबत नर्सरीचं पत्र, हेल्थ व्हिजिटरचं (लहान मुलांची वाढ बघणारी नर्स) पत्र, स्पीच थेरपीची नोंद. काउन्सिलकडून उत्तर आलं की मुलांना त्यांच्या वयाच्या वर्गातच ठेवायचं आमचं धोरण आहे. बास, एका ओळीत. आता कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करायचा, मुलाच्या हिताचं काय ते बघायचं, हेडटीचरचं मत घ्यायचं आणि निर्णयाची कारणं द्यायची. सरसकट धोरण चालत नाही. पण अपील? वेगळ्या वर्गात का होईना, जागा दिली असेल तर अपील पॅनेलकडे जाताच येत नाही. आधी काउन्सिलकडे तक्रार आणि मग लोकल गव्हर्नमेंट ऑम्बुड्समन, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारा लोकपाल. आम्ही तक्रारीत कोडचे शब्द जसेच्या तसे उतरवून काढले आणि प्रत्येक ओळीखाली विचारलं, हे तुम्ही केलंत का? दुसऱ्या खेपेला मंजूर झालं.

संताप कशाचा येतो सांगू? शेजारच्या काउन्सिलमध्ये हेच काम एका ईमेलवर होतं. बस स्टॉपच्या पलीकडे राहत असते तर ही सगळी मारामारी वाचली असती.

मृण्मयी_लेस्टर
आणि सगळ्या शाळा काउन्सिलच्या नसतात हेही लक्षात ठेवा. अकॅडमी असेल तर ट्रस्ट ठरवतो, चर्चच्या बऱ्याच शाळांत गव्हर्निंग बॉडी. तीन शाळा भरल्या तर तिघांना वेगवेगळं विचारावं लागू शकतं. तरी शिक्षण खात्याच्या पाहण्यांत बहुसंख्य अर्ज मंजूर झालेले दिसतात, त्यामुळे रेवा, आधीच खचू नकोस.

केतकी_एडिनबरा
इंग्लंडवाल्यांनो, जरा उत्तरेकडे, स्कॉटलंडकडे बघा 😀 आमच्याकडे शाळा ऑगस्टात सुरू होते आणि तेव्हा मूल पाचचं झालं नसेल तर आईबाप एक वर्ष थांबवू शकतात. हा हक्क आधीपासून होता, पण जास्तीच्या नर्सरी वर्षाचे पैसे हक्काने फक्त जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांना मिळायचे, बाकीच्यांना काउन्सिलच्या दारात उभं राहावं लागायचं. गिव्ह देम टाइम नावाची पालकांची मोहीम झाली आणि ऑगस्ट २०२३ पासून पाचच्या आतल्या सगळ्यांना ते फुकट वर्ष आपोआप. कुणाला पत्रं गोळा करावी लागत नाहीत. माझा धाकटा नोव्हेंबरचा, आम्ही थांबवला, एक फॉर्म भरला आणि विषय संपला.

बेलफास्टकर
नॉर्दर्न आयर्लंडमध्येही २०२२ ला कायदा झाला, एप्रिल ते १ जुलैवाल्यांसाठी. इथे तर आधी चार पूर्ण झालं की सक्तीच होती! राहिलं कोण मग.

रेवा_रेडिंग
तेच तर! आणि इंग्लंडमध्ये होता होता राहिलंय. सप्टेंबर २०१५ मध्ये निक गिब शाळामंत्री असताना त्यांनी शाळांना आणि काउन्सिलांना जाहीर पत्र लिहिलं होतं, की पालकांची इच्छा असेल तर समर-बॉर्न मूल पाचव्या वर्षी रिसेप्शनलाच जाईल आणि पुढेही त्याच वर्गाबरोबर राहील असा बदल कोडमध्ये करू. २०२१ मध्ये नवा कोड आला. त्यात हा बदल नाहीच. मार्गदर्शक सूचना सुधारल्या, भाषा मऊ केली, पण सूचना आणि हक्क यात फरक आहे की नाही.

प्रथमेश_स्लाउ
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. ही मोहीम ज्यांना परवडतं त्यांची आहे. आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर. नो रिकोर्स टू पब्लिक फंड्सचा (सरकारी मदत नाही असा) शिक्का असल्यामुळे नोकरदार पालकांचे आठवड्याला ३० तास फुकट नर्सरीचे आम्हाला नाहीत, सगळ्यांना मिळतात ते १५ तासच. उरलेल्या तासांची नर्सरी फी म्हणजे दुसरं घरभाडं. रिसेप्शन फुकट. आता सांगा, आमचा जुलैचा मुलगा तयार आहे की नाही हा प्रश्न आम्ही विचारायचा तरी कशाला? एक सप्टेंबर उजाडायची वाट बघतोय.

हक्क कायद्यात आला तर वापरणार कोण? ज्यांना महिनाभर रजा टाकून कोड वाचता येतो आणि अजून एक वर्ष नर्सरीचे पैसे भरता येतात ते. मग आमच्यासारख्यांची चार वर्षांची पोरं त्यांच्या साडेपाच वर्षांच्या पोरांबरोबर एकाच वर्गात.

अनुजा_पी
@प्रथमेश तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला त्याला उत्तर नाही. फक्त एवढंच, आज अर्ज-तक्रार-ऑम्बुड्समनची जी शर्यत आहे ती तर अजूनच शिकल्यासवरल्यांच्या फायद्याची आहे. आपोआप हक्क असेल तर निदान कागद लढवायची ताकद तरी लागणार नाही. पैशाचं मात्र स्कॉटलंडसारखं करायला हवं, नाहीतर अर्धंच काम.

सायली_८८
आमच्या जुळ्यांचं वेगळंच. ड्यू डेट ऑक्टोबर अखेर, आले ऑगस्टमध्ये, दहा आठवडे आधी. त्यांचं शाळेचं वर्षच बदललं. वेळेवर आले असते तर वर्गात मोठे ठरले असते, आता दोघंही सगळ्यात लहान. कोडमध्ये प्रीमॅच्युअर बाळांचा उल्लेख आहे, मुदतीवर जन्मलं असतं तर खालच्या वर्गात गेलं असतं का हेही बघायचं असं लिहिलंय. आमच्या हेडबाई खूप चांगल्या निघाल्या, डिस्चार्ज समरी बघितली आणि म्हणाल्या माझा पाठिंबा आहे.

टवाळ_कार्टा
माझी भाची १ सप्टेंबर, रात्री १२ वाजून २० मिनिटांनी. जिजाजी अजून सांगतात की मिडवाइफला म्हणालो जरा दम धरा. एकवीस मिनिटं आधी आली असती तर वर्गात सगळ्यात धाकटी, आता सगळ्यात मोठी, नेटिव्हिटीत (शाळेचं ख्रिसमसचं नाटक) मेरी पण तीच झाली.

शिरीषकाका
याला म्हणतात मुहूर्त.

परत_पुण्यात
आम्ही गेल्या वर्षी परत आलो, म्हणून इकडची बाजू. महाराष्ट्रात २०२० च्या शासन निर्णयानुसार पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण लागतात. म्हणजे रेवाताई, तुमचा ऑगस्ट २०२२ चा मुलगा इथे असता तर जून २०२८ मध्ये पहिलीला गेला असता. तिकडे वेळेवर घातलात तर इयर वन सप्टेंबर २०२७ मध्ये. एक वर्ष थांबून रिसेप्शनला घातलात तर इयर वन सप्टेंबर २०२८. म्हणजे थांबवलेला मुलगा बरोब्बर आपल्या पहिलीच्या मुलांबरोबर येतो. सासूबाईंना हे गणित सांगा: नाशकातही तो त्याच वर्षी पहिलीला गेला असता, वाया काहीच नाही.

उलट आमची मुलगी तिकडे चौथ्या वर्षी गेलेली, इयर टू करून आली तर इथे शाळा म्हणाली वय बसत नाही, पुन्हा दुसरीत बसा. केंद्रीय विद्यालयात तर तारीख ३१ मार्च आहे.

दादरची_चिमणी
पुण्यात अ‍ॅडमिशन मिळाली हेच नशीब समजा. आमच्या ओळखीच्यांनी नर्सरीच्या फॉर्मसाठी पहाटे चारला रांग लावली होती, आणि मुलाखतीत मुलाऐवजी बापच घामाघूम.

परत_पुण्यात
त्यावर वेगळा धागा काढा, मी एकटाच शंभर प्रतिसाद देईन.

रेवा_रेडिंग
@परत_पुण्यात तुम्हाला कल्पना नाही तुम्ही माझं केवढं काम केलंत. आजच रात्री कॉलवर कागद घेऊन बसते.

निखिल_हॅरो
बरं, एक प्रॅक्टिकल प्रश्न जो कुणीच काढला नाही आणि आपल्या लोकांत तर आधी निघायला हवा: इलेव्हन प्लस, म्हणजे ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा. स्लाउ, बक्स, केंट, सटन, आपली निम्मी मंडळी घरं त्यासाठीच घेतात. ग्रामरच्या परीक्षेत वयाप्रमाणे गुण जुळवतात, ऑगस्टवाल्याला थोडा फायदा मिळतो. एक वर्ष खाली असलेल्या मुलाचं काय?

अनुजा_पी
चांगला प्रश्न. सेकंडरीच्या (इयर सेव्हनपासूनच्या शाळेच्या) वेळी सगळं पुन्हा विचारावं लागतं. प्रायमरीने मान्य केलं म्हणून सेकंडरीने करावंच असं नाही, ती शाळा नव्याने ठरवते आणि नाही म्हणाली तर मूल इयर सेव्हन गाळून थेट एटमध्ये जाऊ शकतं. आमची आता इयर फोरला आहे आणि मी आत्तापासून शाळांना ईमेल टाकतेय. ग्रामरचंही तसंच, बऱ्याच ग्रामर शाळा स्वतःच अ‍ॅडमिशन अथॉरिटी आहेत, तेव्हा परीक्षेच्या नोंदणीच्या आधी प्रत्येकीला विचारायचं. गिब यांच्या पत्रात "पुढेही त्याच वर्गाबरोबर" हे शब्द होते ते म्हणूनच महत्त्वाचे. रेवा, तुझ्या मसुद्यात नुसतं रिसेप्शन आहे का ते बघ.

गणोबा
इलेव्हन प्लसमध्ये वयाप्रमाणे गुण जुळवतात आणि कुणाला त्यात अन्याय वाटत नाही. मग सहाव्या वर्षीच्या फोनिक्सला का नको? मी तेव्हापासून हेच सांगतोय. पण सही करेन पत्रावर. दोन्ही मागा.

मृण्मयी_लेस्टर
रेवा, तारखा विसरू नकोस गं. रिसेप्शनच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी. या वर्षीचा नेहमीचा अर्ज भरच, आणि त्याच्यासोबतच वर्षाबाहेरच्या प्रवेशाची, म्हणजे एक वर्ष उशिरा रिसेप्शनलाच घ्या अशी विनंती पाठव. उत्तर १६ एप्रिलच्या आत, म्हणजे जागा जाहीर व्हायच्या आधी यायला हवं. हो म्हणाले तर या वर्षीचा अर्ज मागे घ्यायचा आणि पुढच्या वर्षी नव्याने भरायचा, पण तीच शाळा मिळेल याची हमी नाही, रांगेत सगळ्यांबरोबरच. नाही म्हणाले तर निदान हातात जागा आहे. नर्सरीच्या बाईंना तोंडी नको, लेखी मागा, आणि "लाजाळू आहे" असलं मोघम नको. झोपेचं, बटणाचं, हात धरून ओढण्याचं तू वर लिहिलंस ना, तसंच लिही.

रेवा_रेडिंग
सगळ्यांना खूप धन्यवाद. दोन्ही अर्ज करतेय. पत्रात दोन बदल केले: "शाळा संपेपर्यंत त्याच वर्गाबरोबर" हे घातलं, आणि प्रथमेश यांच्यामुळे एक परिच्छेद वाढवला, की थांबवलेल्या वर्षाचे नर्सरीचे पूर्ण तास व्हिसा न बघता सगळ्या मुलांना द्या. मोहिमेच्या नमुन्यात हे नाही पण माझ्या पत्रात राहील. गणोबांचं गुणांचंही एका ओळीत टाकलंय. ज्यांना हवंय त्यांनी व्यक्तिगत निरोप करा, मसुदा पाठवते. उचलून जसाच्या तसा नका पाठवू, आपल्या मुलाबद्दल दोन वाक्यं घाला.

प्रथमेश_स्लाउ
परिच्छेदाबद्दल आभार. पण आम्ही भारतीय पासपोर्टवाले, आमचं पत्र खासदार वाचणार का?

वसुधा_क्रॉयडन
का नाही? कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला इथे पार्लमेंटच्या निवडणुकीत मतदान करता येतं, व्हिसावर असलात तरी. मतदार यादीत नाव नसेल तर आधी ते घाला. आणि पत्रात घरचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट लिहा, नाहीतर त्यांचं ऑफिस तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात की नाही हेच विचारत बसतं.